औषध विकले, जबाबदारी संपली?

औषध बाजारात आले म्हणजे त्याची परीक्षा संपली, असा सुशिक्षितांचाही समज असतो. वस्तुतः खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. विक्रीची परवानगी मिळण्यापूर्वी नवे औषध बहुधा काही हजार निवडक रुग्णांवरच पारखलेले असते. दहा हजारांत एखाद्यालाच बाधणारा दोष त्या पारखीत हमखास सापडावा, तर निदान तीस हजार माणसांना ते देऊन पाहावे लागेल. तेवढी माणसे जमतात ती औषध दुकानात आल्यावरच. त्यांत वृद्ध असतात, गर्भवती असतात, एकाच वेळी चार-पाच औषधे घेणारेही असतात. त्यांचे काय झाले हे कोणी टिपलेच नाही, तर परीक्षा होऊनही निकाल लागत नाही.

थॅलिडोमाइडने हा धडा जगास फार महागात शिकविला. 1957 साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले हे झोपेचे औषध निर्धोक म्हणून गाजले, गर्भवतींनीही घेतले आणि सुमारे दहा हजार बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मास आली. 1961 मध्ये जर्मनीत लेन्झ व ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड ह्या डॉक्टरांनी आपला संशय उघडपणे मांडला, तेव्हा कोठे ते मागे घेण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने 1968 मध्ये अशा दुष्परिणामांच्या नोंदींचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो ह्याच अनुभवातून.

आपल्याकडेही 2010 पासून असा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असून गाझियाबादचे इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचे केंद्र आहे. तो निरुपयोगी नाही. पाळीच्या वेदनांवर घरोघरी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक ॲसिडमुळे क्वचित पुरळ, ताप व आतील अवयवांस इजा अशी गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते, हा इशारा 2023 च्या नोव्हेंबरात ह्याच केंद्राने दिला. कोणी तरी कळविले, म्हणूनच तो देता आला.

पण कळविणारे किती? अंगावर पुरळ उठले, तर आपण ‘औषध उष्ण पडले’ म्हणतो, उरलेल्या गोळ्या केराच्या टोपलीत टाकतो आणि डॉक्टर बदलतो. डॉक्टरांस वाटते, कळविले तर बोट आपल्याकडेच वळेल. शिवाय दवाखान्यातील गर्दीत कागद भरावयास वेळ कोणास आहे? रुग्णाचे मौन आणि डॉक्टरांचे मौन एकत्र आले, की दोषी औषध निर्दोष ठरते.

अन्नपूरकांच्या बाबतीत तर हे मौन अधिकच गाढ आहे. शक्तिवर्धक भुकट्या, केसांच्या गोळ्या, वनस्पतींचे अर्क ह्यांस आपण औषध समजतच नाही. डॉक्टरांनी विचारले, तरी त्यांचे नाव सांगत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, ही त्यामागील समजूत. बचनागही निसर्गानेच दिला आहे, हे आपण विसरतो. 2020 च्या साथीत गुळवेलीचे सेवन घरोघरी सुरू झाले. त्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिचा निष्कर्ष अमान्य केला. असा मतभेद होणे गैर नाही. तक्रार म्हणजे निकाल नव्हे. ती चौकशीची सुरुवात असते. परंतु नोंदच नसेल, तर मान्य काय करावयाचे आणि अमान्य तरी काय?

जपानात लाल बुरशीच्या तांदळापासून केलेल्या पूरकाने मूत्रपिंडे बिघडल्याची माहिती 2024 च्या जानेवारीतच उत्पादकांकडे आली होती. लोकांस ती मार्चच्या उत्तरार्धात कळली. मधल्या काळात लोक त्या गोळ्या विश्वासाने घेतच राहिले. पुढे जपान सरकारला अशी माहिती कळविणे सक्तीचे करावे लागले. अमेरिकेत गंभीर दुष्परिणामाची तक्रार पंधरा कामकाजी दिवसांत शासनाकडे पाठविण्याचे बंधन पूरकांच्या उत्पादकांवर 2006 च्या कायद्यानेच घातले आहे. आपल्याकडे औषधे 1940 च्या कायद्याखाली आणि अन्नपूरके 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. कायदे दोन असले, तरी रुग्णाचे यकृत एकच असते. दोन्ही घेणाऱ्याने दाद कोणत्या दारी मागावी?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. औषध असो वा पूरक, तक्रार नोंदविण्याचे दार एकच असावे व त्याचा क्रमांक प्रत्येक वेष्टनावर मराठीतही छापला जावा. पूरकांच्या उत्पादकांवर मुदतबंद कळविण्याचे निःसंदिग्ध बंधन घालावे. प्रामाणिकपणे कळविणाऱ्या डॉक्टरास त्या नोंदीपायी त्रास होणार नाही, अशी हमी द्यावी.

सरकार हे करील तेव्हा करील. वाचकांनी थांबण्याचे कारण नाही. औषधांविषयी 1800-180-3024 ह्या निःशुल्क क्रमांकावर आजही कळविता येते. कोणास, कोणत्या औषधाने, काय झाले आणि कळविणारा कोण, एवढे सांगितले तरी नोंदीस आरंभ होतो. एका घरातील पुरळ हा योगायोग असू शकेल. शंभर घरांतील पुरळ हा पुरावा असतो. पण ती शंभर घरे बोलली पाहिजेत.