कण्हेरीच्या बाजूने

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि लिहितेय ते भांडायला.

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत कण्हेरीची चौदा झाडं आहेत. बहुतेक गुलाबी डबल, काही पांढरी, आणि मागच्या फाटकापाशी एक गडद लाल. ती सगळी तोडायचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत येतोय. कारण काय, तर व्हॉट्सॅपवर आलेला एक फॉरवर्ड. "या झाडाला नुसता हात लावला तरी पंधरा मिनिटांत मृत्यू." खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'. सोसायटीने पोचवला. आता कोयता येणार.

खरं असेल तेवढं आधीच मान्य करते. कण्हेर विषारी आहे. पान, फूल, खोड, मूळ, चीक, सगळंच. तिच्यातलं ओलिअँड्रिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं. पण हा शोध काही फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी लावलेला नाही. संस्कृतात तिचं एक नाव करवीर आणि दुसरं अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी! आयुर्वेदाने तिला उपविषांत धरलं, आणि त्याच करवीराला चरकाने त्वचारोगांवरच्या औषधांतही घातलं. गणपतीच्या एकवीस पत्रींत करवीर आहे. शेजारी धोतरा आणि रुईसुद्धा आहेत, आणि ते दोघं काही कमी नाहीत. इतकी शतकं माणसं ही पानं हातांनी खुडून देवाला वाहत आलीत. हात लावल्याने मरण येत असतं तर भाद्रपदात आळीच्या आळी ओस पडल्या असत्या. चिकाने एखाद्याच्या हाताला खाज येते, पुरळ उठतं. हात धुवायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे नेपोलियनच्या सैनिकांची. त्यांनी कण्हेरीच्या काडीवर मांस भाजून खाल्लं आणि सगळे मेले, असं सांगतात. हीच कथा सिकंदराच्या सैनिकांबद्दलही सांगतात, त्यावरून काय ते समजा. एका अभ्यासात संशोधकांनी खरोखरच कण्हेरीच्या काड्यांवर सॉसेज भाजून तपासले. त्यांत उतरलेलं विष नगण्य निघालं. (म्हणून कोणी गच्चीवर तसल्या काड्यांवर पनीर टिक्का करू नका. मी आमच्या भाच्यांना ओळखते.)

केरळातली घटना मात्र गंभीर आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये परदेशी नोकरीला निघालेली एक तरुण परिचारिका दगावली. फोनवर बोलता बोलता तिने अरळीचं, म्हणजे कण्हेरीचं, पान-फूल चावलं होतं आणि तेच कारण असावं, असं सांगितलं गेलं. मे महिन्यात तिथल्या देवस्वम मंडळांनी नैवेद्यात आणि प्रसादात अरळीची फुलं वापरायची नाहीत असं ठरवलं. अगदी योग्य केलं. पण त्यांनी काय केलं ते नीट बघा. जे तोंडात जाण्याची शक्यता होती तिथून फूल काढलं. गावोगावची झाडं तोडत सुटले नाहीत. आमच्या कमिटीला एवढाच फरक समजावून सांगायचा आहे, आणि तो तीन मीटिंगांत समजलेला नाही.

आणि गंमत बघा. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांच्या बाल्कनीत ऐटीत उभं आहे ते काय? अडेनियम! सिरॅमिकच्या उथळ कुंडीत, पांढऱ्या गोट्यांत, फुगलेल्या बुंध्याचं. ते कण्हेरीच्याच कुळातलं. त्याच्यातही हृदयावर घाला घालणारी त्याच जातीची द्रव्यं आहेत, आणि आफ्रिकेत त्याच्या रसात बाण बुडवत. पण ते नर्सरीतून हजार रुपये देऊन आणलेलं, त्यामुळे ते 'डेकोरेटिव्ह' आणि फुकटात वाढणारी कण्हेर 'डेंजरस'. लिफ्टजवळ कुंड्यांत ओळीने डिफेनबेकिया आहे. त्याचं पान चावलं की तोंड आणि जीभ सुजते. त्यावर ठराव नाही. सदाफुली, तगर, चाफा हीसुद्धा सगळी कण्हेरीची भावंडं. त्यातल्या सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध काढतात. आता हिचं काय करायचं, तोडायची की पूजायची?

माझा खरा राग वेगळाच आहे. तोडलेल्या फांद्या मागच्या कोपऱ्यात वाळवून पेटवायच्या, असं ठरलंय. अहो, कण्हेर वाळली तरी तिचं विष जात नाही. उलट वाळल्या पानाचा कडूपणा कमी होतो म्हणून गुरं ती खातात. हिरव्या झाडाला शेळीही तोंड लावत नाही. आणि तिचा धूर छातीत जाणं धोक्याचं. मागच्या कोपऱ्याला लागूनच पाळणाघर आहे. म्हणजे चौदा झाडं गुपचूप उभी असताना जेवढा धोका नव्हता, तेवढा ही मंडळी सुरक्षिततेच्या नावाखाली एका दुपारी निर्माण करणार.

पाळणाघराच्या बाजूची दोन झाडं हलवा, मी स्वतः हात लावते. रांगतं मूल जिथे पान तोंडात घालेल तिथे कण्हेर नको, गोठ्याजवळ नको, हे मला मान्य आहे. पण उरलेली बारा? ती कुंपणाबाहेरच्या रस्त्याची धूळ आणि डिझेलचा धूर खात उभी आहेत. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर उगाच लावत नाहीत. ऊन सोसते, पाणी थोडं पुरतं, गुरं खात नाहीत, समोरच्या गाडीचा झोत अडवते, आणि बाराही महिने हिरवी. बॉटनी शिकलेल्यांना तिच्या पानाचा छेद आठवत असेल. पानाच्या खालच्या बाजूला खोल खळगे, त्यांत केसांचं अस्तर आणि आत लपलेली पर्णरंध्रं. पाणी उडून जाऊ नये म्हणून केवढी ती तरतूद! हिरोशिमात अणुबॉम्बनंतर पंचाहत्तर वर्षं काही उगवणार नाही असं बोललं जात होतं, तिथे आधी फुलली ती कण्हेर. १९७३ मध्ये त्या शहराने तिला आपलं अधिकृत फूल ठरवलं. आमच्याकडे ती एका फॉरवर्डपुढे टिकत नाही.

आईच्या लहानपणी मुली बिट्ट्यांनी खेळायच्या. बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीची बी. हे झाड निराळं, मूळचं अमेरिकेतलं, आणि त्याची बी फारच जहरी. श्रीलंकेत तिने खूप जीव गेलेत. पण त्या मुलींना पक्कं ठाऊक होतं की बिट्टी खेळायची असते, फोडून खायची नसते. हे त्यांना कोणी फॉरवर्ड केलं नव्हतं, घरात एकदा डोळे वटारून सांगितलं होतं.

असो. मावशीने लावायची कशी ते विचारलं होतं, म्हणून सांगते. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलएवढ्या जाडीची, वीतभर छाट घ्यायची. नुसत्या पाण्याच्या पेल्यातही मुळं फुटतात (तो पेला परत वापरात नको). ऊन भरपूर हवं, सावलीत नुसती पानं वाढतात. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून बहर ओसरला की छाटा, हातमोजे घालून. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा येतो, त्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पानं कुरतडलेली दिसली तर लगेच औषध मारू नका. कॉमन क्रो नावाच्या काळपट फुलपाखराची अळी असेल. ती हे विष खाऊनही जगते. तिचा कोश चांदीसारखा चकाकतो, आमच्या लाल कण्हेरीवर सध्या तीन लटकले आहेत.

सभा रविवारी आहे. छाटा हव्या असतील तर त्याआधी कळवा.