संदर्भासह स्पष्टीकरण

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगडाच्या परिसरातील शेतांत रात्रीच्या अंधारात माणसांची जत्रा भरली. हातात विजेऱ्या, कुदळी, चाळण्या. काहींजवळ मेटल डिटेक्टर. शोध होता तो मोगलांच्या सोन्याच्या नाण्यांचा. त्याच्या तीनच आठवडे आधी, १४ फेब्रुवारीला, ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता आणि बऱ्हाणपूरवरील मराठ्यांच्या हल्ल्याचा प्रसंग त्यात होता. खणणाऱ्यांच्या चित्रफिती देशभर फिरल्या, पोलीस आले, आणि सुशिक्षित महाराष्ट्र पोट धरून हसला. सिनेमा पाहून कुदळ घेऊन धावणारे हे भाबडे, हे लोभी!

आमचे म्हणणे असे आहे की हे हसणे अप्रामाणिक होते. असीरच्या शेतात काही मोलाचे नष्ट झाले असेल, तर ते लोभापेक्षाही वाचनाच्या एका पद्धतीमुळे झाले. भूतकाळातून चमकणारा तेवढा तुकडा उचलायचा आणि बाकीची माती झटकून टाकायची, ही ती पद्धत. ती त्या गावकऱ्यांनी शोधून काढलेली नाही. ती त्यांच्यापर्यंत कायद्यातून, हौशी संग्राहकांच्या बाजारातून आणि, साहित्याच्या अभ्यासकांना हे ऐकायला कडू लागेल, आपल्या साहित्यव्यवहारातूनही पोचलेली आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की त्या मातीत नाणी असणे मुळीच अशक्य नाही. बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. असीरगड १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडला, आणि त्या विजयाची खूण म्हणून निघालेली, ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहर नाणेशास्त्रात प्रसिद्ध आहे. पुढे बऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनचे ठाणे झाले. तेथे टांकसाळ होती, छावणी होती, पेढ्या होत्या, विणकरांची मोठी वस्ती होती. पेढीवर विश्वास नसेल किंवा फौज चालून येत असेल, तर गाडग्यात पुंजी घालून ती पुरणे हा त्या काळचा सर्वसाधारण व्यवहार होता. याउलट, ज्या लुटीच्या आठवणीने लोक धावले तिचा तर्क मात्र उलटा आहे. जानेवारी १६८१ च्या अखेरीस मराठी फौजांनी बऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला तो लूट घेऊन जाण्यासाठी; वीस किलोमीटरवरच्या शेतात ती पुरून ठेवण्यासाठी नव्हे. असीरजवळ नाणे सापडलेच, तर ते बादशहाच्या खजिन्यातले असण्यापेक्षा एखाद्या शिपायाच्या पगारातले किंवा विणकराच्या पुंजीतले असण्याचा संभव अधिक. पण शिपाई आणि विणकर यांच्यावर कोणी चित्रपट काढीत नाही, म्हणून त्यांचे नाणेही बादशहाचे होऊन बसते.

आता हे नाणे जमिनीतून उपटले म्हणजे नेमके काय बिघडते? साहित्याच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. त्याच्या प्रश्नपत्रिकेत पिढ्यान् पिढ्या एक प्रश्न ठरलेला आहे: संदर्भासह स्पष्टीकरण करा. ओळ कोणाची, कोणत्या ग्रंथातील, कोण कोणास उद्देशून म्हणते, हे सांगितल्यावाचून अर्थ सांगण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व त्या प्रश्नामागे आहे. जमिनीतील नाण्याचेही तेच. ते कोणत्या थरात होते, किती खोल होते, सुटे होते की गाडग्यात, शेजारी कोळसा होता की हाडे, घराची जोती होती की रस्ता, ही त्याची मागचीपुढची वाक्ये. गाडग्यातील सर्वांत उशिराचे नाणे ते गाडगे कधीनंतर पुरले गेले हे सांगते. तेवढे एकच नाणे कोणी खिशात घातले, तरी उरलेल्या शेकडो नाण्यांची साक्ष चुकीची होते.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे उदाहरण घ्या. तेथे १९०६ मध्ये एक निधी सापडला: क्षहरात राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा मुखवटा आणि त्याची अक्षरे खालून डोकावतात, आणि वर सातवाहनांची चिन्हे बसलेली आहेत. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरात वंश निर्मूल केल्याचा अभिमान आहे; पण आईने केलेली पुत्राची प्रशस्ती इतिहासकाराने कितपत मानावी? जोगळटेंभीच्या निधीने तिला दुजोरा दिला. हा दुजोरा संख्येत आहे. पुनर्मुद्रित नाणे एकच हाती आले असते तर तो एक चमत्कारिक नमुना ठरला असता. तेरा हजारांत नऊ हजार म्हणजे एका राजाने दुसऱ्या राजाचे चलन पद्धतशीरपणे आपले करून घेतल्याचा पुरावा. शिवाय उरलेल्या, ठसा न मारलेल्या नाण्यांनाही अर्थ आहे: दोन्ही प्रकारची नाणी एकाच वेळी एकाच पुंजीत होती. हाच निधी रात्री विजेरीच्या उजेडात निघाला असता आणि मूठमूठ वाटला गेला असता, तर आज आपल्याजवळ असती काही सुंदर नाणी. तो इतिहास नसता.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हीच गोष्ट गणिताने दाखवली. नाणे हातोहात फिरताना झिजते. परंतु टांकसाळीतून निघतानाच वजनात थोडा फरक असल्यामुळे एका नाण्याच्या झिजेवरून काही ठरवता येत नाही. समूहाच्या सरासरी वजनातील घट मात्र मोजता येते. तक्षशिलेच्या निधींतील आहत नाणी वजन करून त्यांनी ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधण्याची रीत घालून दिली. हेच कोसंबी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करीत होते. त्यासाठी शेकडो हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहत होते. नाण्यांचा ढीग आणि पोथ्यांचा ढीग त्यांना एकाच शिस्तीने वाचता आला, कारण सुटा तुकडा खोटी साक्ष देऊ शकतो हे त्यांना दोन्हीकडे दिसले होते. आपल्या मराठी विभागांतून कोसंबींचे नाव आदराने घेतले जाते. ही शिस्त मात्र अभ्यासक्रमाबाहेर राहते.

मेटल डिटेक्टर या शिस्तीच्या नेमका विरुद्ध टोकाचा वाचक आहे. त्याच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्याचा प्रतिसाद यंत्राला ऐकू येतो. खापर, कोळसा, हाड, जळके धान्य, विटेचा तुकडा यांना त्याच्या लेखी अस्तित्वच नाही. त्यात आणखी एक सोय असते: लोखंडाचा आवाज बंद करण्याची. म्हणजे खिळा, विळा, घोड्याचा नाल, ज्यांनी त्या जागी राबणाऱ्या माणसांची कहाणी सांगितली असती, ते सारे ‘कचरा’ म्हणून आधीच गाळले जातात. यंत्राला दोष नाही. उत्खननातही ते शिस्तीने वापरले जाते. ज्याला फक्त सोन्याचा आवाज ऐकायचा आहे, दोष त्या कानाचा.

यावर हौशी शोधकांचा ठरलेला युक्तिवाद असा: नाणी जमिनीत सडत पडलेली आहेत, नांगर त्यांना फोडतो, आम्ही त्यांना वाचवतो. हा युक्तिवाद थट्टेवारी नेण्याजोगा नाही. नांगरटीत नाणी विखुरतात हे खरे आहे. पण ‘वाचवणे’ म्हणजे काय, हे ज्या इंग्लंडात हा छंद फोफावला तेथेच पाहावे. २०१५ या एकाच वर्षी तेथे सुमारे ८७९ च्या आगेमागे पुरलेले दोन निधी दोन ठिकाणी शोधकांच्या यंत्रांना लागले. ऑक्सफर्डशरमधील वॉटलिंग्टन येथे शोधकाने हात आवरला, अधिकाऱ्यांना कळवले. निधी भोवतीच्या मातीच्या गठ्ठ्यासकट उचलला गेला, प्रयोगशाळेत उकलला गेला आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने तो घेतला. हेरफर्डशरमधील लेम्स्टरजवळ दोघांनी निधी लपवला आणि परस्पर विकायला काढला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी त्या वेळी जेमतेम तीस हाती लागली. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. नाणी त्यामुळे परत आली नाहीत.

आणि गेले काय? वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांच्या नावांनी निघालेली एकाच घडणीची नाणी दोन्ही निधींत आहेत. त्यांवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले दाखवले आहेत. आल्फ्रेडच्या पक्षाने लिहिलेल्या इतिवृत्तात हाच चेओलवुल्फ मूर्ख हुजऱ्या म्हणून रंगवला आहे. विजेत्याने जो सहकारी ग्रंथातून खोडला, तो नाण्यावर बरोबरीने बसलेला सापडतो! ग्रंथाला नाण्याने विचारलेला असा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला सोन्याहून मोलाचा वाटावा. लेम्स्टरच्या शोधकांनी त्यातील बहुतेक साक्षीदार विकून टाकले.

इंग्लंडात सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तेथे १९९६ च्या कायद्याने निधी कळवणाऱ्याला बाजारभावाने बक्षीस मिळण्याची वाट केली, आणि १९९७ पासूनच्या नोंदणी योजनेत पंधरा लाखांहून अधिक वस्तू, सापडल्या त्या जागेसह, टिपल्या गेल्या आहेत. आपल्याकडे काय आहे? १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले की कलेक्टरला कळवावे. न कळवल्यास एक वर्षापर्यंतची कैद. आणि तो निधी सरकारला ठेवून घ्यायचा असेल तर मूळ कायद्याचे सोळावे कलम काय सांगते? धातूची किंमत आणि तिच्यावर एक-पंचमांश. नीट वाचा: धातूची किंमत. म्हणजे नहपान, सातकर्णी, अकबर सारे तराजूत, आणि त्यांच्या इतिहासाची किंमत वीस टक्के. नाणे वितळवणारा सोनार आणि हे कलम यांच्या दृष्टीत फरक तो काय तेवढ्या एक-पंचमांशाचा. ज्या शेतकऱ्यापुढे एका बाजूला कचेरीचे हेलपाटे व कैदेची धास्ती आणि दुसऱ्या बाजूला रोख पैसे देणारा दलाल उभा आहे, त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे?

त्याहून विदारक गोष्ट ही की, वृत्तान्तांवर विश्वास ठेवायचा तर असीरची माती गावकऱ्यांच्या आधीच उलथली गेली होती. महामार्गाच्या कामात यंत्राने खणलेली माती शेतात आणून टाकली आणि तीत नाणी दिसली, येथून त्या अफवेला बळ मिळाले. संदर्भाचा पहिला घात झाला तो दिवसाढवळ्या, निविदा काढून. त्या यंत्राला कोणी हसले नाही. हसू आले ते चाळणी घेऊन बसलेल्या बाईचे.

आता आपल्याकडे वळू. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे, आणि ऐतिहासिक कादंबरी हा मराठी वाचकाचा जिव्हाळ्याचा प्रकार. या प्रकाराला कल्पनेचा पूर्ण अधिकार आहे. त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दुटप्पी व्यवहारावर. खपवताना ‘खरा इतिहास’ म्हणून ढोल वाजवायचे, आणि कोणी पुरावा विचारला की ‘ही तर कलाकृती’ म्हणून हात वर करायचे. इतिहासाच्या वहीतून खणखणीत संवाद तेवढा उचलायचा; तो कोणत्या बखरीतला, ती बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, कोणाच्या आश्रयाने, हे लोखंडी खिळ्यांसारखे गाळून टाकायचे. संताची ओवी दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात छापायची आणि तिच्या मागची-पुढची ओवी वाचायची नाही. विद्यार्थ्याला ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ विचारायचे आणि तो संदर्भ मार्गदर्शिकेतून पाठ करू द्यायचा. वर्गात जे चालते तेच शेतात चालले. तेथे यंत्र होते, येथे ‘महत्त्वाची अवतरणे’ आहेत.

म्हणून मागण्या दोन्हीकडे करायला हव्यात. निधीचा मोबदला धातूवर न ठरता पुरावस्तू म्हणून ठरावा. सापडल्याची नोंद तालुक्याच्या गावी, भयाविना, जागेच्या खुणेसह करता यावी. आणि रस्त्यासाठी ऐतिहासिक जागेची माती उचलण्याआधी ती पाहणारा माणूस तेथे असावा. हे शासनाचे काम. साहित्याच्या विभागांचे काम त्याहून सोपे आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणे: एक ताम्रपट, एक निधी, एक पोथी विद्यार्थ्यांपुढे संपूर्ण ठेवावी, आणि तिच्यातला चमकणारा भाग बाजूला काढण्याची घाई कोणालाही करू देऊ नये. हे होत नाही तोवर असीरच्या शेतात चाळणी घेऊन बसलेल्या माणसांना हसण्याचा अधिकार मराठी साहित्याच्या शिक्षकाला नाही, विद्यार्थ्यालाही नाही.