गाळाला पक्षादेश कळत नाही!

शोषितांचे राज्य आणल्याची ग्वाही देणाऱ्या साम्यवादी चीनमध्ये नदीची बाजू घेणे हा अपराध ठरतो. पीत नदीवरील सानमेनशिया धरण गाळाने भरून जाईल, असे जलतज्ज्ञ हुआंग वानली यांनी १९५७ मध्ये बजावले. पारितोषिक काय मिळाले? ‘उजवे’ हा शिक्का आणि छळ! १९६० मध्ये पाणी अडवले गेले आणि दोन वर्षांत गाळानेच हुआंग यांची साक्ष दिली. गाळाला पक्षादेश कळत नाही.

ऑगस्ट १९७५ मध्ये बान्छियाओ धरण फुटले. सरकारी आकड्यानुसारच सुमारे २६ हजार माणसे बुडाली. ही वार्ता मात्र अनेक वर्षे दडवली गेली.

यांगत्सेवरील ‘तीन घळीं’च्या नियोजित धरणाविषयी शास्त्रज्ञांचे आक्षेप पत्रकार दाई छिंग यांनी १९८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तिआनमेन हत्याकांडानंतर त्यांना दहा महिने कारावास घडला, ग्रंथावर बंदी आली. १९९२ मध्ये माना डोलावण्यासाठीच भरणाऱ्या चिनी संसदेतही १७७ सदस्य विरोधात गेले, ६६४ तटस्थ राहिले. तरीही धरण झाले. सुमारे १३ लाख माणसे विस्थापित झाली. २०११ मध्ये खुद्द चिनी मंत्रिमंडळाने पुनर्वसन, प्रदूषण आणि दरडींचे प्रश्न तातडीचे असल्याची कबुली दिली. मग तेच आधी सांगणाऱ्या विदुषीला तुरुंग कशासाठी?

ताई सरोवराच्या प्रदूषणाविरुद्ध झगडणारे वू लिहोंग एप्रिल २००७ मध्ये गजाआड गेले. पुढच्याच महिन्यात सरोवर शेवाळाने व्यापले आणि वूशी शहराच्या नळाचे पाणी नासले. तरीही वू यांना खंडणीच्या आरोपाखाली तीन वर्षांची शिक्षा झालीच!

आपल्याकडे सरदार सरोवराचा वाद सर्वोच्च न्यायालयात सहा वर्षे चालला. २००० सालचा निकाल कोणाला रुचला, कोणाला नाही. परंतु विरोधकांना न्यायासनासमोर बोलता आले. त्याच स्वातंत्र्याच्या छायेत वावरून बीजिंगची स्तोत्रे गाणाऱ्यांनी हा भेद एकदा तरी उच्चारावा.

हा प्रश्न केवळ चीनचा नाही. जुलै २०२५ मध्ये तिबेटातील यारलुंग त्सांगपोवर महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाले. हीच नदी अरुणाचलात सियांग आणि आसामात ब्रह्मपुत्रा होते. १९५० चा प्रलयंकारी भूकंप याच टापूतला. तेथे धोक्याची घंटा वाजवणार कोण? वाजवू पाहणाऱ्याचा हात तर आधीच बेड्यांत आहे. वरच्या काठावरचे मौन खालच्या काठावर पूर होऊन येते, हे भारताने विसरू नये.