स्वमग्न बालके व आमचे कर्तव्य

धम्मदीक्षा घेतल्यावर घरातील देव्हारा एका दिवसात रिकामा होतो. मनातील देव्हारा रिकामा व्हावयास फार काळ लागतो, आणि घरावर संकट आले की तो पुन्हा भरू लागतो. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ज्या कुटुंबाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत, त्याचे असेच झाले. चार वर्षांपूर्वी या कुटुंबाने नागपुरास दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या वेळी त्यांचा मुलगा पाच वर्षांचा होता, आज तो नऊ वर्षांचा आहे. नागपूर ते मुंबई या लोहमार्गावरील सर्व स्थानके त्यास क्रमाने पाठ आहेत आणि गणितात तो वर्गात पुढे आहे. परंतु समवयस्कांत तो रमत नाही, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही, थट्टा त्यास कळत नाही, तासांचा नेहमीचा क्रम बदलला की तो कानांवर हात ठेवून ओरडू लागतो. ज्या भावकीने दीक्षा घेतली नाही, तिने या मुलाचे निदान केव्हाच करून टाकले आहे: देव सोडले, कुळदैवत कोपले, पोराला भोवले!

आजीने चोरून अंगारा आणला. बापाने एकदा मुलास भगताकडे नेले. त्यांचा उपहास करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. भगत गावात होता, त्याच्याजवळ तयार उत्तर होते, आणि मुलांच्या मनोविकासाचा तज्ज्ञ मैलोगणती दूर होता. जेथे वैद्यकाची सोय पोहोचत नाही तेथे अंगारा पोहोचतो, ही गोष्ट आमच्या प्रचारकांनीही ध्यानात ठेवावी. परंतु भावकीचा आरोप मात्र तपासून पाहिला पाहिजे, कारण तो एका बालकावर नसून आमच्या धर्मांतरावर आहे. या मुलास दोन वर्षांचा असताना हाक मारली तरी तो वळून पाहत नसे, आणि डबीतील बटणे तासन्‌तास एका ओळीत मांडीत बसे, असे त्याची आई सांगते. तेव्हा घरात सर्व देव होते, नवस होते, वारकरीही येत होते. मग कोपले कोण आणि कशासाठी? अशी मुले ब्राह्मणाच्या घरी जन्मतात, मुसलमानाच्या घरी जन्मतात, इंग्लंड-अमेरिकेतही जन्मतात.

‘पूर्वजन्मीचे पाप’ ही दुसरी भाषाही आपल्या वस्त्यांतून अजून ऐकू येते. याच भाषेने आमच्या वाडवडिलांना सांगितले होते की, तुमची अस्पृश्यता हे तुमच्या मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ आहे, सबब ती निमूटपणे भोगा. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या या सिद्धांताचे खंडन केले आहे. जो सिद्धांत आपण स्वतःपुरता नाकारला, तोच आपल्या लेकरावर लादावयाचा काय?

या अवस्थेस पुष्कळ वर्षे ‘ॲस्पर्जर लक्षणसमूह’ म्हणत. हान्स ॲस्पर्जर या व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञाने १९४४ साली अशा मुलांचे वर्णन केले, आणि लॉर्ना विंग या इंग्रज विदुषीने १९८१ साली त्याचे नाव या अवस्थेस रूढ केले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे स्वतंत्र नाव राहिले नाही. आता या मुलांची गणना स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, व्यापक वर्गात होते. नाव गेले याचे आम्हांस दुःख नाही. नाझी राजवटीत ज्या व्हिएन्नातील संस्थेत शेकडो अपंग मुलांना ठार मारण्यात आले, तेथे ॲस्पर्जरने काही मुलांना पाठविले होते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. कोणते मूल समाजाच्या उपयोगाचे आणि कोणते निरुपयोगी, अशी वाटणी करणारी बुद्धी कोठवर जाते हे त्यावरून दिसते. माणसांची अशी प्रतवारी काय करते, हे आम्हांस कोणी शिकविण्याची गरज नाही.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या दुर्लक्षाने किंवा लस टोचल्याने ती होत नाही. ती बरी करण्याचे औषधही नाही, म्हणून ‘सहा महिन्यांत पूर्ण बरा’ असे जाहीर करणाऱ्यांच्या दारी एक पैही घालवू नये. परंतु बोलण्याचे, वागण्याचे, अंग सावरण्याचे शिक्षण लवकर मिळाले, आणि शाळा व घर मुलाच्या स्वभावाला थोडे जुळवून घेऊ लागले, तर हे मूल शिकते, कमावते व मानाने जगते.

मोठी अडचण शाळेत आहे. हा मुलगा डोळ्याला डोळा देत नाही, आणि गुरुजींची चूक वर्गात सर्वांसमोर बोलून दाखवितो. सवर्ण घरातील मुलाने असे केले असते तर ‘हुशार पण जरा विक्षिप्त’ असे म्हणून सोडून दिले असते. आमच्या मुलाच्या वाट्याला ‘उद्धट’, ‘संस्कार नाहीत’ हे शेरे आले आणि अखेर दाखला घेऊन जाण्याची सूचना आली. प्रत्येक शिक्षक असाच असतो असे आमचे म्हणणे नाही. पण जातीचा चष्मा डोळ्यांवर असला म्हणजे मुलाचे अपंगत्व दिसत नाही, एवढे खरे.

येथे कायदा आपल्या बाजूस आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मानले, आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी मदत वा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलास भेदभाव न करता घेतलेच पाहिजे व त्याच्या गरजेप्रमाणे सोय केली पाहिजे. कलम १७ परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांविषयी बोलते. सामान्य शाळांतून विशेष शिक्षक किती असावेत याचे प्रमाणही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे: प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक, वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक. आपल्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षक आहे काय, शाळेत कधी येतो, हे लेखी विचारावे. तोंडी विचारणा वाऱ्यावर जाते.

वैद्यकीय तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय गाठावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व पुढील उपचारासाठी जिल्हा केंद्राकडे पाठवितात. नागपुरास केंद्र सरकारचे संमिश्र प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईस ‘उम्मीद’सारखी संस्था २००१ पासून मुलांच्या विकासाचे काम करीत आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी आणि बहुतेक सर्व सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि खरी मेख तेथेच आहे.

स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी आहेत, प्रत्येकीस १ ते ५ गुण. एकूण ७० गुण झाले तर ४० टक्के दिव्यांगत्व धरतात. त्याखाली स्वमग्नता नाही असे समजतात. यांतील ९ बाबी केवळ बोलण्याविषयी आहेत. आमचा मुलगा तर ग्रांथिक मराठीत व्याख्यान दिल्याप्रमाणे बोलतो! वैद्यकीय मंडळापुढे दहा मिनिटे शांत बसून त्याने स्थानकांची नावे सांगितली, आणि मंडळाने ४० टक्क्यांखालचा आकडा लिहून दिला. ज्या आईने त्याच्या रात्री पाहिल्या आहेत तिला कोणी काही विचारले नाही. अशा वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. कलम ५९ प्रमाणे या निर्णयावर अपील करता येते. शाळेचे शेरे, आईने लिहिलेली रोजची टिपणे, चलच्चित्रे सोबत न्यावी. आणि ४० टक्क्यांची अट काही सवलतींसाठी व राखीव जागांसाठी आहे, कलम १६ मधील शाळेच्या कर्तव्यासाठी नाही. ‘चाळीस नाहीत, तेव्हा आमच्याकडे काही हक्क नाही’ असे शाळा सांगत असेल तर ती कायदा चुकीचा सांगत आहे. तिची तक्रार पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे करावी.

कित्येक पालक विचारतात की, अनुसूचित जातीचा दाखला असताना हा दुसरा दाखला कशाला? १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळतात, हे खरे. परंतु दिव्यांगांचे आरक्षण आडवे असते, म्हणजे ते प्रत्येक प्रवर्गाच्या आतून जाते. एक दाखला दुसऱ्याचा हक्क खात नाही. दोन्ही काढावे.

आता स्वतःच्या समाजास थोडे कठोर बोलू. ‘शिका’ या शब्दाचा अर्थ आपण गुणपत्रिकेपुरता करून ठेवला आहे. कोणाचा मुलगा डॉक्टर झाला की विहारात सत्कार होतो, आणि ज्याचे मूल निराळे आहे तो बाप त्या सभेस येत नाही. आपली प्रगती जगाला दाखविण्याच्या ईर्ष्येत आपण काही लेकरे घरात लपवू लागलो आहोत. वस्तीतील अशा मुलांची यादी विहारसमितीने करावी, महिन्यातून एकदा त्यांच्या आयांना एकत्र बसवावे, एका सुशिक्षित तरुणाने अर्ज लिहून द्यावेत. आणि जाता जाता एक विनंती: वंदनेच्या वेळी ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवावा. या मुलांच्या कानांना तो खरोखर यातना देतो, आणि तथागतांना तो लागत नाही.

वरील कुटुंबाने अपील दाखल केले आहे. बापाने ते विहारात बसून लिहिले. आईची टिपणे तीन वह्या भरली, त्यांतील एक सोबत जोडली आहे. शाळेने मुलास सध्या ठेवून घेतले आहे, आणि तासांचा क्रम बदलणार असेल तर आदल्या दिवशी त्यास सांगण्याचे वर्गशिक्षिकेने कबूल केले आहे. आजीने अंगाऱ्याची पुडी अजून टाकलेली नाही.