१३ हजार जर्नल्स सरकारने खुली केली, पण मनमाडच्या विद्यार्थ्याला ती मिळणार का?

समजा, मनमाडमधल्या एका विद्यार्थिनीला कांद्याच्या साठवणुकीवर प्रकल्प करायचाय. विषय घरचाच आहे. मनमाडच्या बाजार समितीत कांदा येतो, लासलगाव जवळ आहे आणि चाळीत सडणारा कांदा तिने लहानपणापासून पाहिलाय.

ती मोबाईलवर शोधते. एक चांगला संशोधन लेख सापडतो, पण उघडायला गेलं की पैसे मागतो. परदेशी प्रकाशकांच्या एका लेखाची किंमत अनेकदा ३०-४० डॉलर, म्हणजे साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपये असते. मग ती एआय चॅटबॉटला विचारते. तो लगेच पाच संदर्भ देतो. त्यातले दोन अस्तित्वातच नसतात.

हे दोन्ही प्रश्न सोडवू शकणारी एक व्यक्ती महाविद्यालयात असते. तिचं नाव ग्रंथपाल.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन म्हणजे काय?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. याआधी प्रत्येक विद्यापीठ आणि संशोधन संस्था जर्नल्ससाठी वेगवेगळे पैसे भरत होती. आता केंद्र सरकार सगळ्यांच्या वतीने एकत्र पैसे भरतं. २०२५ ते २०२७ या ३ वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे.

यात एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली यांच्यासह ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स आहेत. ६,३०० हून अधिक संस्थांमधल्या जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना याचा फायदा होईल, असं सरकारने सांगितलं. योजनेचं काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र पाहतं.

मग मनमाडची अडचण कुठे आहे?

अडचण योजनेच्या व्याख्येत आहे. केंद्र आणि राज्य सरकार चालवत असलेल्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी ही योजना मंजूर झाली.

महाराष्ट्रात मात्र बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्थांनी उभी केलेली आहेत. काहींना सरकारी अनुदान मिळतं, काहींना मिळत नाही. मनमाडमधलं कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालयही महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेचं आहे. ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्रात उच्च शिक्षण पोहोचलं ते अशाच संस्थांमुळे. म्हणजे देशपातळीवरच्या योजनेचा नियम आणि इथल्या महाविद्यालयांची रचना यांचा मेळ सहज बसत नाही.

अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट नावाची वेगळी सेवा आहे. वर्षाला साधारण ६ हजार रुपयांत महाविद्यालयाला तिचं सदस्य होता येत आलंय आणि विद्यार्थ्यांना लॉगिन मिळत आलंय. पण महाविद्यालयाने पैसे भरले म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदणी करावी लागते, पासवर्ड द्यावा लागतो आणि कुठे काय शोधायचं ते शिकवावं लागतं.

पालखेडचं आवर्तन सुटलं म्हणजे घरच्या नळाला लगेच पाणी आलं असं होत नाही, हे मनमाडमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. इथेही तसंच आहे.

फुकट काय काय मिळतं?

बरंच काही मिळतं आणि ते कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला खुलं आहे.

- शोधगंगा: भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध. ही संख्या ५ लाखांच्या पुढे गेली आहे.
- कृषिकोश: कृषी विद्यापीठांचे बरेच प्रबंध इथे असतात. कांद्यावर शोधणाऱ्याने फक्त शोधगंगा पाहिली तर मोठा भाग सुटू शकतो.
- नॅशनल डिजिटल लायब्ररी: आयआयटी खरगपूरने उभारलेला डिजिटल साठा. शालेय पुस्तकांपासून संशोधनापर्यंत सगळं एका ठिकाणी शोधता येतं.
- ओपनअलेक्स: २०२२ मध्ये सुरू झालेली जगभरातल्या संशोधनाची खुली सूची. कोणता लेख कोणी संदर्भ म्हणून वापरला, हे यात पाहता येतं.
- झोटेरो: संदर्भ जमवायचं आणि संदर्भसूची तयार करायचं मोफत सॉफ्टवेअर. जमवलेल्या लेखांपैकी एखादा नंतर मागे घेतला गेला असेल तर ते तशी सूचनाही देतं.

एआयने दिलेला संदर्भ खरा की खोटा, कसं ओळखायचं?

चॅटबॉट पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधत वाक्य तयार करतो. त्यामुळे लेखकाचं नाव, वर्ष, जर्नल असं सगळं खऱ्यासारखं दिसतं, पण लेख कधी लिहिलेलाच नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात सादर केले. कोर्टाने त्यांना ५ हजार डॉलरचा दंड केला.

तपासणी सोपी आहे. लेखाचं पूर्ण शीर्षक गूगल स्कॉलरवर शोधा. लेखाला डीओआय क्रमांक दिला असेल तर तो डीओआयच्या वेबसाइटवर टाका. क्रमांकातून दुसराच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर सावध व्हा. लेख सापडला तरी एआयने सांगितलेली गोष्ट त्यात खरंच आहे का, हे वाचूनच कळतं.

यूजीसीची यादी बंद झाली, आता काय?

इथे खरा धोका आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सची भारतात मोठी समस्या आहे. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत आलेल्या जर्नल्सपैकी जी तपासली, त्यातली ८८ टक्के कमी दर्जाची असू शकतात, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढून टाकली.

२०१९ मध्ये यूजीसी-केअर ही नवी यादी आली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. मनमाडची महाविद्यालयं याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादीही बंद होत असल्याचं यूजीसीने जाहीर केलं. जर्नल चांगलं की वाईट, हे आता संस्थांनी स्वतः ठरवायचं आहे. यूजीसीने त्यासाठी निकष सुचवले, पण ते लावून पाहणार कोण?

मोठ्या विद्यापीठात त्यासाठी समिती बसेल. छोट्या गावातल्या महाविद्यालयात बहुधा एकच ग्रंथपाल असतो. तोच पुस्तकं देतो-घेतो, नॅकच्या फायली भरतो आणि सोल किंवा कोहा या सॉफ्टवेअरवर नोंदी करतो. कुठे ते पदच रिक्त असतं. अशा ठिकाणी 'तीन दिवसांत लेख छापून देतो' असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, तर विद्यार्थ्याला अडवणारं कोणी नसतं. पैसे जातात आणि पुढे मुलाखतीत त्या लेखाची किंमत शून्य ठरू शकते.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

पहिलं काम, ग्रंथालयात जाऊन तीन प्रश्न विचारा. आपलं महाविद्यालय वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आहे का? नसेल तर एन-लिस्टचं सदस्य आहे का? आणि माझं लॉगिन कधी मिळेल?

दुसरं, लेख छापायला पैसे मागितले तर आधी ते जर्नल ग्रंथपालांना दाखवा. संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, लेखांचं परीक्षण होतं का, जर्नल डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या सूचीत आहे का, हे तपासायला फारसा वेळ लागत नाही.

आणि महाविद्यालयांनी? नवीन संगणक घेताना ग्रंथपालाचं पद भरलेलं आहे का आणि त्यांना या साधनांचं प्रशिक्षण मिळालंय का, हेही पाहायला हवं. ६ हजार कोटींच्या योजनेतली जर्नल्स असोत की फुकटचं झोटेरो, कांद्यावर प्रकल्प करणाऱ्या त्या मुलीला यातलं काहीही मिळायचं असेल, तर तिला ते आहे असं सांगणारं कोणीतरी ग्रंथालयात असावं लागेल.