तापावर अँटिबायोटिक : दोष एकट्या रुग्णाचा नव्हे!

पावसाळा आला की वस्त्यावस्त्यांतून ताप, सर्दी, खोकल्याचे रुग्ण वाढतात. रोजंदारीवर पोट असलेला माणूस दवाखान्याच्या रांगेत दिवस घालवू शकत नाही. तो नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन 'ताप आहे, काहीतरी द्या' म्हणतो. दुकानदार तापाच्या गोळीसोबत अझिथ्रोमायसिनच्या दोन-तीन गोळ्या कापून देतो. चार दिवसांत ताप उतरतो आणि गुण त्या गोळीला आला, अशी समजूत पक्की होते. वास्तविक असा बहुतेक ताप त्या गोळीविनाही उतरणारच असतो.

हे असे का, ते समजून घेतले पाहिजे. अँटिबायोटिक हे जीवाणूंविरुद्धचे औषध आहे. अमॉक्सिसिलिन जीवाणूची पेशीभित्ती मोडते, अझिथ्रोमायसिन त्याची प्रथिने बनविण्याची यंत्रणा बंद पाडते. विषाणूला यातले काहीच नसते. तो आपल्याच पेशीत शिरून आपल्याच पेशीकडून काम करून घेतो. त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया यांवर अँटिबायोटिक निरुपयोगी आहे. कोरोनाच्या काळात अझिथ्रोमायसिन सर्रास दिले गेले. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही.

मग अँटिबायोटिक घ्यायचेच नाही काय? तसे मुळीच नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तो जीवाणूचा आजार. तेथे अँटिबायोटिक वेळेत मिळणे म्हणजे जीव वाचणे. टायफॉइडचेही तेच. फ्लूनंतर छातीत जीवाणूंचा न्यूमोनिया झाला तरी ते लागतेच. लेप्टो आणि डेंग्यू, दोन्हींची सुरुवात ताप आणि अंगदुखीनेच होते. फरक डॉक्टरांच्या तपासणीने आणि रक्ताच्या चाचणीनेच कळतो, दुकानाच्या काउंटरवर नव्हे.

विनाकारण घेतलेल्या गोळीने शरीरातले साधे जीवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरून वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना हाच इशारा दिला होता. तो खरा ठरला. औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. साधी गोळी चालेनाशी झाली की महागडी इंजेक्शने लागतात. ती श्रीमंताला परवडतात, कष्टकऱ्याचे घर मात्र कर्जात बुडते.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांनुसार ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सेफिक्झिमसारख्या अनेक अँटिबायोटिकांसाठी तर १ मार्च २०१४ पासून 'अनुसूची एच-१' लागू आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. या नोंदवह्या तपासणार कोण? आणि गरज नसताना चिठ्ठीवर अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरला जाब विचारणार कोण?

नुसत्या छाप्यांनीही प्रश्न सुटणार नाही. संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाला जवळचा सरकारी दवाखाना बंद दिसतो, मेडिकल तेवढे उघडे असते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे कर्तव्य आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ चा भंग ठरविला. दवाखाना बंद ठेवायचा आणि गोळी घेणाऱ्याला अडाणी म्हणायचे, हा कोणता न्याय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. वस्तीतला दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा, तेथे तापाच्या चाचण्या मोफत करा आणि अन्न व औषध प्रशासनाने नोंदवह्या तपासाव्यात. आपणही एवढे करू या. डॉक्टरांना विचारू या, 'हा ताप विषाणूचा की जीवाणूचा? ही गोळी कशासाठी?' दुकानदाराकडून पावती मागू या. डॉक्टरांनी तपासून दिलेले औषध मात्र सांगितले तितके दिवस घेऊ या. प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे, तो दवाखान्याच्या दारातही सोडायचा नाही!