पिशवी काढली म्हणजे तपासणी झाली?

१९२८ च्या सत्याग्रहाने नावाजलेली गुजरातमधली बारडोली आज साखरेची आहे. हंगाम लागला की नंदुरबार-धुळ्याकडची जोडपी उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, तिकडे निघतात. पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, राहणाऱ्या अशा बाईच्या अंगावरून पांढरं जात असेल, तर "गर्भपिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल" हा सल्ला दयेचाच वाटतो. तिला पुन्हा पुन्हा दवाखान्यात नेणार कोण? एकदाचं उरकलेलं बरं, असं त्यावरचं समर्थन.

प्रश्न खरा आहे, उत्तर मात्र खोटं. धुपणी बहुधा जंतुसंसर्गाची असते आणि औषधाने बरी होते. पिशवी काढून बीजांडकोश ठेवले, तर त्यांचा कॅन्सर होऊ शकतोच. तेही काढले, तर ऐन तिशीत हाडं ठिसूळ. बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. याला कॅन्सर टाळणं म्हणायचं?

काढण्याऐवजी तपासा म्हटलं की दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. कॅन्सरची लक्षणं सांगितली की बाया घाबरतात आणि त्या भीतीवरच ऑपरेशनं खपतात. पण भीती खपली ती मोघम बोलण्यामुळे. नेमकं सांगावं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर साधा डाग दिसला, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेलं, घाण वासाचा स्राव थांबेना, पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहून दोन घासांत भरू लागलं, तर आधी तपासणी. गर्भाशयमुखाचा रोग तर सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही; म्हणून तिशीनंतर तक्रार नसतानाही तपासायचं.

"गरीब वस्तीत हे जमत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा महाराष्ट्रात पाहावं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या बायकांना व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासायला शिकवलं. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) खेड्यांत एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने आठ वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आले. त्या जिल्ह्यातूनही कोयते निघतात, बरं का!

तेव्हा मागणी एवढीच: गाळप चालू असताना पडावावरच तपासणी व्हावी, त्या दिवसाची मजुरी कारखान्याने भरावी, आणि अहवाल गुजरातच्या फायलीत न अडकता त्या बाईच्या गावच्या आरोग्य केंद्रात पोहोचावा. पुढच्या उपचारांच्या वेळी ती बारडोलीत नसेल, नंदुरबारला असेल.